होडी माझी, मशीन दादूसचं

आमच्या मशीनचा आवाज असा होता की कोलशेतच्या खाडीत ते चालू केलं की पलीकडच्या गावात लग्नाचा बँड बंद पडायचा. ताशेवाल्याला वाटायचं, दुसरी वरात आली. खोटं वाटत असेल तर पलीकडे जाऊन विचारा. तो ताशेवाला मेला, त्या लग्नातली नवरी आजी झाली, तिला ऐकूही येत नाही, पण विचारा.

मशीन म्हणजे होडीच्या पिछाडीला, मागच्या फळीवर बाहेरून लटकवतात ते. वर डोकं, खाली लांब पाय आणि पायाला पंखा. शिकलेली माणसं आऊटबोर्ड म्हणतात. आम्ही नुसतं मशीन म्हणायचो, जसं घरात एकच म्हातारा असला की त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. बाबांनी ते आणलं त्या दिवशी अर्धं गाव बंदरावर जमलेलं. बाबा ते एका खांद्यावर घेऊन चिखलातून चालत गेले आणि वजनाने गुडघ्यापर्यंत रुतले. मी सांगताना कमरेपर्यंत सांगतो. दादूस, माझा थोरला भाऊ, सांगायचा तेव्हा छातीपर्यंत सांगायचा. आम्हा दोघांत खोटं बोलण्यात तो थोरलाच.

निघायच्या आधी बाबा सगळं बघायचे. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून बघायचे, वल्ही आहेत का बघायचे, कारण मशीनवर विश्वास ठेवावा पण वल्हं घरी ठेवू नये. नांगराच्या दोरीची गाठ दाताने ओढायचे. पंख्याची पिन जास्तीची एक टोपीत खोचलेली असायची. मशीन चालू झालं की त्याच्या कुशीतून पाण्याची बारीक धार पडते, ती पडली की म्हणायचे, "मुतला रे, आता मरत नाही."

पण हे सगळं नंतर. आधी फळी. मशीन फळीला धरून असतं ते दोन दांड्यांच्या स्क्रूंनी, आणि खाली दोन बोल्ट आरपार गेलेले, आतून नट. बाबा पान्याने नट दाबून बघायचे, आणि मग मशीनच्या डोक्याला दोन्ही हातांनी धरून असं हलवायचे की बघणाऱ्याला वाटावं, उधारी बुडवणारा सापडला. "मशीन हलवलं की होडी हलली पाहिजे," ते म्हणायचे. "नुसतं मशीन हललं तर घरी जाऊन झोपा." पूर्ण होडी डुलली की मगच दोरी सोडायची. ही एवढीच आमच्या घराण्याची विद्या. बाकी सगळं गावाला येत होतं.

बाबा गेले आणि वाटणी आली. आमच्यात भावांची वाटणी मामा करतो. मामाने सांगितलं ते झालं, त्यावर अपील नाही. आमचा मामा पलीकडच्या काठावरचा, आयेचा एकुलता भाऊ. शहाणा म्हणून दोन्ही काठांवर त्याचं नाव. त्याला आणायला आम्ही दोघं मशीन घेऊनच गेलेलो, हे आता आठवलं की हसू येतं, आणि हसायला येत नाही.

मामाने घर वाटलं. पुढचं दादूसला, मागचं मला. टोपं, हंडे, जाळी, सगळं झालं. मग राहिली होडी. दादूस म्हणाला, थोरल्याला. मी म्हणालो, जो चालवतो त्याला, म्हणजे मला. मामाने तंबाखू मळली, बार भरला आणि असा न्याय केला की तो ऐकून गावातले चार म्हातारे वा वा करून उठले.

"होडी धाकट्याला. मशीन थोरल्याला," मामा म्हणाला. "आता भांडा कितीबी. होडीला मशीन लागंल, मशीनला होडी लागंल. रोज सकाळी तोंड बघावंच लागंल एकमेकांचं."

आयेने भावाच्या पायाला हात लावला. मला त्या वेळी पण शंका आलेली, पण मामापुढे बोलणार कोण? मासा अर्धा कापून दोघांना दिला तर दोघं जेवतात. होडी अर्धी कापली तर काय होतं ते चार म्हाताऱ्यांना माहीत होतं. तरी त्यांनी वा वा केलं. चहा चांगला झालेला.

मग सुरू झाली ती सर्कस. जगात मशीन एकदा बसवतात आणि बसलं की बसलं. आमच्याकडे दादूस रोज सकाळी मशीन खांद्यावर घेऊन बंदरावर यायचा, माझ्या फळीवर लावायचा, आणि परत आल्यावर बोल्ट काढून घरी न्यायचा. का? तर मशीन त्याचं, होडी माझी. माझ्या होडीवर त्याचं मशीन का राहावं? घरी ते पलंगाखाली असायचं. वहिनी सांगायची, पलंगावर ती आणि खाली मशीन, आणि दादूस बराच वेळ खालीच वाकून बघत बसायचा.

रोज काढा, रोज लावा. लाकूड ते लाकूड. बोल्टची भोकं मोठी व्हायला लागली. आधी करंगळी जाईना, मग करंगळी जाऊ लागली. माझ्या हिशेबाने शेवटी त्यातून पलीकडचं गाव दिसायचं. एकदा भर खाडीत मशीन फळीवर असं नाचलं की जाळ्यातली बोयटं बाहेर उड्या मारून पोहत घरी गेली. कसंबसं काठाला लागलो आणि तिथे आमचं शेवटचं बोलणं झालं.

दादूस म्हणाला, "तुझं भोक मोठं झालंय."

मी म्हणालो, "तुझा बोल्ट झिजलाय."

एवढंच. ह्याच्यावर माणसं बोलायची थांबतात का? आमच्यात थांबतात. मोठ्या जाडीचा वायसर घातला असता तर काम झालं असतं. पण वायसर कुणाचा? बोल्टवर बसतो म्हणजे मशीनवाल्याचा, का भोकासाठी लागतो म्हणजे होडीवाल्याचा? हा खटला अजून चालू आहे.

तरी धंदा थांबला नाही, म्हणजे जो काय उरलेला तो. खाडीत मासा कमी आणि प्लास्टिक जास्त, जाळं ओढलं की शाम्पूच्या बाटल्या. काठावर टॉवर उभे राहिले. त्यातली माणसं बाल्कनीतून आमच्याकडे बघून मोबाईल धरायची. आम्ही जायचो एका होडीत, तो मागे मशीनजवळ, मी पुढे जाळ्याजवळ, आणि बोलायचो वस्तूंशी. मी होडीला म्हणायचो, "बाई, तुझ्या मागे जो बसलाय त्याला सांग, डावीकडे दगड आहे." तो मशीनला म्हणायचा, "राजा, पुढच्याला सांग, आंधळा नाय मी." घरात हेच काम आयेकडे. ती आमची टेलिफोन एक्स्चेंज होती. "आये, त्याला सांग जाळं शिवायचंय." "आये, त्याला सांग शिवलंय." ती मधल्या उंबऱ्यावर बसून मटार सोलता सोलता इकडचं तिकडे करायची. कधीकधी निरोप वाटेत सुधारायची. मी सांगायचो, गाढवाला सांग. पलीकडे पोचायचं, भाऊ सांगतोय.

मग एका सकाळी मामाच्या सुनेचा फोन आला. मामा कितीतरी दिवस खाटेवर होता, पण आता खाणं सुटलेलं. सून म्हणाली, "आत्याला आणा. सारखं तिलाच विचारतायत. आजच आणा."

मी फोन ठेवून आयेला सांगितलं. तिने लुगडं बदललं, निळी रबरी चप्पल पायात घातली आणि दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर उभी राहिली. "मना भावाला बघाचा हाय," ती म्हणाली. "होडी काढा."

रिक्षाने जाऊ म्हणालो. बाळकुम नाका, कशेळीचा पूल, मग पलीकडच्या गोदामांचा रस्ता. तिने हात झटकला. त्या रस्त्यावर कंटेनर अडकला की माणूस म्हातारा होऊन उतरतो, हे तिलाही माहीत. होडीने मामाचा काठ समोर, खाटेवरून खाडी दिसते असं घर. "मी ह्या गावात होडीतून आलेली," ती म्हणाली. "तुमच्या रिक्षेतून नाय."

पाणी अजून होतं पण उतरायला लागलेलं. आमच्या बंदरात पाणी उतरलं की चिखल राहतो, आणि त्यात होडी बसली की दुपार उलटेपर्यंत हलत नाही. म्हणजे वेळ होता, पण पान खाण्याएवढा. दादूस मशीन घेऊन धावतच आला. मी टाकी, वल्ही, दोरी टाकली. आयेला मधल्या फळीवर बसवलं, छत्री दिली. ती समोरच्या काठाकडे तोंड करून बसली, आमच्याकडे पाठ.

दादूसने मशीन लावलं, नट आवळले. फुगा दाबला, दोरी ओढली, आणि मशीन असं गरजलं की बाल्कन्यांतली कबुतरं उडाली. धार पडली. मी सवयीने फळीला तळवा लावला. फळी थरथरत होती. मशीनसोबत नाही, मशीनच्या विरुद्ध. उजवा बोल्ट भोकात नाचत होता.

मी होडीला म्हणालो, "बाई, सांग त्याला बंद करायला."

त्याने बंद केलं. खाडी एकदम गप्प झाली. दादूस उतरला, पाण्यात उभा राहून वाकून बघितलं. मग मशीनच्या डोक्याला धरून हलवलं. मशीन हललं. होडी नाही.

"आये," दादूस म्हणाला, "त्याला सांग, त्याच्या भोकाचा बंदोबस्त कर."

"आये," मी म्हणालो, "त्याला सांग, जाड वायसर घाल."

"आये, वायसर मी का घालू? माझा बोल्ट सरळ आहे. भोक कुणाचं?"

"भोक पाडलं कुणी? रोज काढून पलंगाखाली कुणी नेलं? त्याला विचार, मशीनला रात्री गोष्ट पण सांगतो का?"

"त्याला म्हणावं, तुझ्या फळीवर ठेवलं असतं तर तू विकून खाल्लं असतंस."

"त्याला म्हणावं, तुझं मशीन कुणी भंगारात घेणार नाही."

आये काही इकडचं तिकडे करत नव्हती. आम्ही तिच्या पाठीला निरोप देत होतो. बंदरावर गजाली करत बसलेली चार माणसं उठून जवळ आली, कारण फुकटचा तमाशा. एक म्हणाला, "अरे मामा मरतोय तिकडे, घाला रे वायसर." त्याच्यावर आम्ही दोघं एकदम ओरडलो, "तू मध्ये बोलू नको." त्या दिवसात आमचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

दादूसने पिशवीतून वायसर काढलासुद्धा. मला दिसला. जाडजूड, अगदी त्या भोकाच्या मापाचा. म्हणजे पठ्ठ्याने तो केव्हापासून आणून ठेवलेला. हातात धरून उभा राहिला आणि मशीनला म्हणाला, "राजा, पुढच्याने एकदा म्हणावं, भोक माझं. घालतो." मी म्हणालो नाही. का म्हणू? भोक मोठं त्याने केलं. आजही म्हणत नाही. आणि तो वायसर त्याच्या मुठीतून सुटला, का त्याने सोडला, देव जाणे, डुबुक्‌ करून पाण्यात गेला. दोघं वाकून चिखलात हात घालून शोधत राहिलो. आमच्या खाडीच्या गाळात हत्ती हरवला तर सोंड सापडत नाही, तिथे वायसर!

तेव्हा आये पहिल्यांदा वळली. पायातली एक चप्पल काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये फेकली.

"घ्या. हिचा तुकडा कापा नि घाला तिथं. ही माझी हाय. तुझी नाय नि त्याची नाय."

मी कोयत्याने निळ्या रबराचा तुकडा कापला, दादूसने मध्ये भोक पाडलं. मी फळीत बसवला, त्याने बोल्ट घातला. एकाने बाहेरून डोकं धरलं, दुसऱ्याने आतून नट आवळला, हात एकमेकांना लागले. बसलं. रबर असं चपखल बसलं की कुठल्याही कंपनीने बसवलं नसतं. दादूसने मशीनचं डोकं धरून हलवलं. मशीन जागचं हललं नाही.

होडीपण हलली नाही.

त्याने परत हलवलं, सगळा जोर लावून. मग मी लावला. काहीच हललं नाही. आम्ही खाली बघितलं. पाणी आमच्या पोटऱ्यांखाली केव्हाच उतरून गेलेलं. होडी चिखलात बसली होती, म्हैस बसते तशी, निवांत. समोर खाडीच्या मधोमध एक पाण्याची पट्टी उरलेली, आणि तिच्यापर्यंत नुसता काळा चिखल. त्या बंदरावरच्या चौघांना पाणी जाताना दिसलेलं. त्यांनी सांगितलं नाही, कारण आम्हीच म्हणालेलो, मध्ये बोलू नको.

आयेला आम्ही दोघांनी उचलून चिखलातून बाहेर काढलं. हाताची खुर्ची करतात तशी. चार हात, पण तोंडं दोन दिशांना. मग रिक्षा. ती मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला तो. कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या मागे अडकलो. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि पुढच्याला शिव्या द्यायला उतरला. पुलावरून खाडी दिसत होती. आयेचा एक पाय चपलेत, एक उघडा, बोटांत चिखल वाळलेला. ती खालच्या चिखलाकडे बघत होती. दादूसने त्याची चप्पल काढून तिच्या पायापाशी सरकवली. तिने पायाने बाजूला सारली.

पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. एवढ्या चपला आजारी माणसाच्या दारात नसतात.

खाट खिडकीशी होती, खाडीकडे तोंड करून. सुनेने आयेला मिठी मारली. रडता रडता ती सगळ्यांना सांगत होती, येईल त्याला पुन्हा पहिल्यापासून, तसंच आम्हालाही तिने सांगितलं:

"सकाळी तुमच्या मशीनचा आवाज आला ना, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. इतके दिवस काही ऐकत नव्हते. म्हणाले, आली. उशी उंच कर म्हणाले. मी केली. मग आवाज बंद झाला. ते म्हणाले, मशीन बंद करून वल्ह्याने येत असतील, काठ आला म्हणून. बघत बसले खिडकीतून. लई वेळ बघत बसले."

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की आमच्या मशीनचा आवाज पलीकडच्या गावात जातो. लोक हसायचे. त्या दिवशी ते खरं निघालं, आणि माझ्या सगळ्या थापांमधली नेमकी हीच खरी निघायला हवी होती का?

आये भावाच्या उशाशी बसली. ती रडली नाही. तिने त्याच्या अंगावरची चादर सरळ केली आणि खिडकी लावून घेतली. मामाच्या तेराव्यानंतर कुणीतरी म्हणालं, आता मामा नाही, भावांनी एक व्हावं. चार म्हाताऱ्यांतले दोन उरलेले, ते वा वा करायला हजर होतेच. दादूस मान खाली घालून बसला होता. मी आयेला म्हणालो, "आये, त्याला सांग…"

ती उठून आत गेली. त्या दिवसापासून एक्स्चेंज बंद. ती माझ्याशी बोलते, त्याच्याशी बोलते, पण इकडचं तिकडे एक अक्षर नेत नाही. जेवायला वाढते, तब्येत विचारते. कधी ओरडली असती तर बरं झालं असतं.

दादूस मशीन काढायला परत बंदरावर आलाच नाही. टॉवरच्या गेटवर त्याने सिक्युरिटीचं काम धरलं, टाय लावून. आत येणाऱ्या गाड्यांचा नंबर विचारतो. मी समोरून गेलो तर माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघतो. मशीन तसंच होडीवर राहिलं. पाऊस, ऊन, खारं पाणी, सगळं खाल्लं त्याने. मी ते चालवू शकत नाही, कारण मशीन त्याचं. तो नेऊ शकत नाही, कारण एकदा मीच पाना घेऊन नट सोडवायला गेलो, म्हटलं त्याच्या दारात नेऊन टाकावं, तर नट फिरेना. गंजून बोल्ट, नट, फळी सगळं एक झालंय. मध्ये तो निळा रबराचा तुकडा तेवढा अजून नव्यासारखा. त्याची जोडीची चप्पल आयेच्या उंबऱ्यावर असते. आये ती टाकतही नाही आणि घालतही नाही.

भरती आली की मी अजूनही बंदरावर जातो. फुगा दाबून बघतो, तो वाळून चिरला आहे. गाठ ओढून बघतो. आणि शेवटी मशीनच्या डोक्याला दोन्ही हातांनी धरून हलवतो. सगळी होडी डुलते, पुढच्या टोकापर्यंत. इतकं घट्ट बाबांच्या काळातही कधी बसलं नव्हतं. बाबांच्या हिशेबाने आता निघायला काहीच हरकत नाही.